फेब्रुवारी आणि उरलेलं वर्ष

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात १८९०च्या सुमारास ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय खाणकामगार राहत होते. यादवी युद्धात लढून आलेले. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण पुस्तकं आणि वर्तमानपत्रं ते घरात आणून ठेवत, त्यातही आपल्या लोकांविषयीची पुस्तकं हुडकून आणत. पाळी सुटली की खाणीतली माणसं त्यांच्याकडे जमत. फळं, आइस्क्रीम असं काहीबाही तिथे विकायला असे. एका पोरसवदा कामगाराला हा खाऊ फुकट मिळायचा, आणि त्या बदल्यात त्याने जमलेल्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचन झालं की गप्पा रंगत. युद्धात कोण कुठे लढलं, गुलामगिरीत कुणी काय सोसलं, स्वातंत्र्य मिळाल्यावर प्रत्यक्षात हाती काय आलं.

त्या मुलाचं नाव कार्टर वुडसन. जन्म १८७५चा, आई-वडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. विसाव्या वर्षी तो हायस्कुलात गेला आणि दोन वर्षांच्या आत ते संपवून बाहेर पडला. पुढे शिकवत शिकवत शिकत राहिला, आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्याला इतिहासाची डॉक्टरेट दिली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यानंतर हार्वर्डची ही पदवी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पण त्याच हार्वर्डमध्ये एडवर्ड चॅनिंग या नामवंत प्राध्यापकाने त्यांना सुनावलं होतं की निग्रोंना इतिहासच नाही. वुडसन हे पुढे सांगत असत. जोन्स यांच्या घरात संध्याकाळी जे त्यांनी कानांनी ऐकलं होतं, ते देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठाच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं.

अमेरिकेत दर फेब्रुवारीत पाळला जाणारा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ इथून सुरू होतो. एखाद्या अल्पसंख्य समाजाच्या इतिहासासाठी वर्षातला एक महिना राखून ठेवावा का, आज त्याची गरज उरली आहे का, हा प्रश्न अमेरिकेत अनेक वर्षं विचारला जातोय. गंमत म्हणून नाही, कळकळीने विचारला जातोय, आणि विचारणाऱ्यांत कृष्णवर्णीयही आहेत. त्याचं उत्तर शोधायचं तर वुडसन यांनी मुळात काय उभं केलं होतं, ते नीट पाहायला हवं. कारण त्यांनी उभी केलेली गोष्ट आणि आज शाळा-कंपन्यांमधून साजरी होते ती गोष्ट यांत फार अंतर पडलं आहे.

१९१५ साली शिकागोत वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली. त्याच वर्षी ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेला देशाचा तारणहार ठरवणारा आणि कृष्णवर्णीयांना रानटी दाखवणारा हा चित्रपट खुद्द व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. विद्यापीठांमध्येही वेगळं वातावरण नव्हतं. कोलंबियात विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य असं मांडत होते की यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला हीच चूक झाली. (डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकत होते ती हीच वर्षं, १९१३ ते १९१६.) चित्रपटगृहात आणि वर्गात एकच गोष्ट शिकवली जात होती, आणि रस्त्यावर लोकांना झाडाला लटकवून मारलं जात होतं. वुडसन यांच्या दृष्टीने हे तिन्ही एकाच साखळीचे दुवे होते. ज्या माणसांना भूतकाळ नाही असं सर्वांना पटलेलं असतं, त्यांना माणूस मानण्याचं बंधन कुणावर राहत नाही.

म्हणून त्यांनी आधी कागद गोळा करायला घेतले. १९१६मध्ये संशोधनपत्रिका सुरू केली, १९२१मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. १९२२मध्ये वॉशिंग्टनमधल्या नाइन्थ स्ट्रीटवर एक विटांचं अरुंद घर घेतलं. खाली कचेरी, वर बिऱ्हाड, आणि जिकडे तिकडे पुस्तकांचे ढीग. पुढे मोठे कवी झालेले लँग्स्टन ह्यूज यांनी तरुणपणी इथे काही काळ नोकरी केली. सकाळी कचेरी उघडायची, भट्टी पेटवायची, धूळ झटकायची, पार्सलं बांधायची, आणि मग यादी घेऊन बसायचं. १८३०च्या जनगणनेत नोंदलेल्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची ती यादी होती. सुमारे ३०,००० नावं, ती वर्णानुक्रमे लावायची. डोळे फुटायची वेळ येणारं काम. पण यादवी युद्धाच्या तीस वर्षं आधी या देशात हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं स्वतंत्रपणे नांदत होती, हे एकदा नावनिशीवार छापून आलं की ‘इतिहासच नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर देण्यासाठी भाषण करावं लागत नाही.

यानंतर, १९२६ साली, ‘निग्रो हिस्टरी वीक’ आला. सुरुवातीला महिना नव्हता, आठवडाच होता, आणि तो आला तेव्हा त्याच्यामागे दहा-अकरा वर्षांचं संशोधन जमा झालेलं होतं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला, कारण त्यात दोन जयंत्या येत होत्या. १२ तारखेला अब्राहम लिंकन यांची आणि १४ तारखेला फ्रेडरिक डग्लस यांची. डग्लस मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. गुलामांच्या जन्माच्या नोंदी ठेवायची मालकांना गरज वाटत नसे, त्यामुळे आपली जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही. १४ फेब्रुवारी ही त्यांची स्वतःची निवड. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये या दोन्ही जयंत्या आधीपासून साजऱ्या होत होत्या. वुडसन यांनी लोकांची रूढ सवय हाताशी धरली आणि तिला वळण दिलं. दोन थोर पुरुषांचे गोडवे गाण्याऐवजी एका अख्ख्या समाजाने काय केलं ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता.

हा आठवडा म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाचं प्रदर्शन असावं अशी त्यांची कल्पना होती. शाळांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास बाराही महिने शिकवावा, आणि मुलं काय शिकली ते त्या आठवड्यात गावासमोर मांडावं. त्यासाठी त्यांची संस्था शिक्षकांना चित्रं, नाटुकली, पाठांचे आराखडे, वाचनाच्या याद्या असं सगळं पुरवी. १९३७पासून शिक्षकांसाठी वेगळं नियतकालिकही निघू लागलं. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांची ती सूचना. आठवडा लोकप्रिय झाला तसे या विषयातलं काडीचंही ज्ञान नसलेले वक्ते शाळाशाळांमधून भाषणं झोडत हिंडू लागले. वुडसन यांनी त्यांच्याविरुद्ध शिक्षकांना सावध केलं. आणि एक दिवस हा आठवडा पाळायची गरजच उरू नये, अशी आशाही त्यांनी बोलून दाखवली होती.

तेव्हाचे शिक्षक हे काम कसल्या परिस्थितीत करत होते, त्याचं एक चित्र उपलब्ध आहे. १९३३च्या सुमारास लुइझियानाच्या वेबस्टर परगण्यातल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत टेसी मॅगी नावाच्या तरुण बाई इतिहास शिकवत. शिक्षण मंडळाने मंजूर केलेला आराखडा टेबलावर उघडा असे आणि वुडसन यांचं पुस्तक मांडीवर. बाई मांडीवरच्या पुस्तकातून वाचून दाखवत. मुख्याध्यापक दारात दिसले की नजर टेबलावरच्या आराखड्यावर. ते गेले की पुन्हा मांडीवर. मोठेपणी त्यांच्या एका विद्यार्थ्याने ही आठवण सांगितली. मुलांनी काय ऐकलं एवढंच त्यात नाही. आपली बाई काय जोखीम घेते आहे हेही ती मुलं पाहत होती, आणि तोही इतिहासाचाच धडा होता.

आठवड्याचा महिना झाला तो विद्यार्थ्यांच्या रेट्याने. काही गावांत लोक आधीपासून महिनाभर कार्यक्रम करू लागलेच होते. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६९मध्ये मागणी केली आणि १९७०मध्ये तो पाळलाही. १९७६मध्ये, देशाच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत असताना, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली, आणि १९८६मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ठराव केला. ब्रिटनमध्ये १९८७पासून ऑक्टोबरात असा महिना पाळतात, कॅनडात १९९६पासून फेब्रुवारीत. राजमान्यता मिळाली, आणि तिच्यासोबत जे येतं तेही आलं.

काय आलं, ते रोझा पार्क्स यांच्या गोष्टीवरून समजेल. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बहुतेक शाळांमधून ती सांगतात, आणि ती साधारण अशी असते. १ डिसेंबर १९५५. मॉन्टगोमेरी शहरात दिवसभर शिलाईकाम करून थकलेली एक बाई बसमध्ये बसली होती. गोऱ्या माणसासाठी जागा सोड म्हणून ड्रायव्हरने दरडावलं. थकली होती, म्हणून ती उठली नाही. तिला अटक झाली, लोक चिडले, मार्टिन ल्यूथर किंग आले, कायदा बदलला.

यातली बाई खरी, तारीख खरी, अटक खरी. बाकी जे गाळलंय त्यातच सगळा इतिहास आहे. पार्क्स बारा वर्षं नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस म्हणून काम करत होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांवरच्या बलात्कारांच्या प्रकरणांची माहिती गोळा करायला त्या गावोगाव जात. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये त्यांनी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात भाग घेतला होता. त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीने त्याच शहरात बसमधली जागा सोडायला नकार दिला होता, आणि बसमधला वर्णभेद ज्या खटल्यात बेकायदा ठरला त्यातल्या फिर्यादींत ती होती. पार्क्स यांना अटक झाल्याचं कळताच तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन रात्रीच कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत. चक्रमुद्रण यंत्रावर त्यांनी रातोरात हजारो पत्रकं काढली. सोमवारी बसमध्ये चढू नका, असं त्यांत आवाहन होतं. पहाटेपर्यंत गठ्ठे बांधून तयार होते, आणि दिवस मावळेपर्यंत ती शाळांतून, दुकानांतून, न्हाव्यांकडून घरोघर पोचली होती. बहिष्काराची तयारी त्या आणि त्यांच्या संघटनेतल्या बायका कित्येक महिने करत होत्या, फक्त प्रसंगाची वाट पाहत होत्या. त्यानंतर शहरातले कृष्णवर्णीय ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. कुणी मैलोन् मैल चालले, कुणी आपल्या मोटारी लोकांना ने-आण करायला दिल्या.

पहिल्या गोष्टीतून मूल शिकतं की एखादा भला माणूस एक दिवस वैतागतो आणि जग सुधारतं. दुसरीतून कळतं की जग सुधारायला पत्रकं काढावी लागतात, वर्गणी जमवावी लागते, वर्ष-वर्ष चालावं लागतं, आणि त्यात बहुतेकांची नावं कुठे येत नाहीत. पहिली गोष्ट पंधरा मिनिटांत सांगून होते. दुसरीला काही तास लागतात, आणि ती समजायला त्याआधीची ऐंशी वर्षं माहीत असावी लागतात. महिन्याचा कार्यक्रम घाईने उरकायचा असला की शाळा पहिलीच गोष्ट निवडते. माझी खरी तक्रार इथे आहे. महिना मुळीच न पाळण्यापेक्षा अशी गुळगुळीत गोष्ट दरवर्षी सांगणं कधी कधी अधिक नुकसान करतं, कारण मुलाला वाटतं की आपल्याला हे माहीत आहे.

बाजाराने जे केलं त्यावर फार शब्द खर्च करायला नकोत. फेब्रुवारीत कंपन्यांच्या जाहिरातींचे रंग बदलतात आणि मार्च लागला की पूर्ववत होतात. २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठाच्या खानावळीत या महिन्याचा खास बेत म्हणून बरगड्यांचं मांस आणि कलिंगडाच्या स्वादाचं पाणी ठेवलं गेलं. कलिंगड खाणारा आळशी निग्रो हे तिथलं शंभर वर्षांहून जुनं हिणकस व्यंगचित्र. विद्यार्थ्यांनी जाब विचारल्यावर माफी मागावी लागली.

अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी २००५मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत या महिन्याची कल्पनाच हास्यास्पद ठरवली, ती या पार्श्वभूमीवर. आमचा इतिहास तुम्ही एका महिन्यात कोंबणार का, असा त्यांचा सवाल होता. कृष्णवर्णीयांचा इतिहास हा अमेरिकेचाच इतिहास आहे, त्याला वेगळा कोपरा कशाला? हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे की कोपरा काढून घेतला तर तो इतिहास आपोआप मुख्य दालनात येईल. प्रत्यक्षात काय होतं ते तपासून पाहता येतं.

सॅम्युएल एलियट मॉरिसन आणि हेन्री स्टील कॉमेजर हे अमेरिकेचे दोन फार मोठे इतिहासकार. १९३०मध्ये निघालेलं त्यांचं पाठ्यपुस्तक महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं. त्यात गुलामांचा उल्लेख ‘सॅम्बो’ या हेटाळणीच्या नावाने होता, आणि गुलामगिरीत इतरांपेक्षा त्यांनाच कमी सोसावं लागलं असा सूर होता. विद्यार्थ्यांनी आणि नागरी हक्क संघटनांनी १९४०च्या दशकात निषेध केला, तरी १९५०च्या आवृत्तीत तो मजकूर शिल्लक होता. दुसरं उदाहरण तल्साचं. ओक्लाहोमातल्या या शहरात १९२१च्या ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळून टाकली. सुमारे ३५ चौक बेचिराख झाले. मेलेल्यांचा आकडा काही अभ्यासकांच्या मते ३००पर्यंत जातो. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला २००१मध्ये, म्हणजे ८० वर्षांनी. त्या दरम्यान तल्सातच शिकून मोठी झालेली माणसं या घटनेचं नावही न ऐकता जगली. मुख्य दालनाची दारं अशी उघडी होती. बाहेरून कुणीतरी सतत धक्के दिले, आणि त्या माणसांना एकत्र यायला वर्षातली एक हक्काची वेळ मिळाली, म्हणून ती थोडीफार किलकिली झाली.

आणि उघडलेली दारं पुन्हा लावताही येतात. फ्लोरिडाच्या कायद्यात कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवणं १९९४पासून सक्तीचं आहे. त्याच राज्याने २०२३मध्ये हायस्कूलसाठीचा आफ्रिकन अमेरिकन अभ्यासक्रम नाकारला, आणि गुलामांनी काही कौशल्यं शिकून स्वतःचा फायदाही करून घेतला, अशा अर्थाचं कलम इतिहासाच्या आराखड्यात घातलं. २०२५च्या जानेवारीअखेर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असे सगळे महिने सरकारी वेळेत पाळणं बंद करण्याचा आदेश काढला. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांनी मात्र फेब्रुवारीचा नेहमीचा जाहीरनामा काढला. म्हणजे नाव ठेवायचं आणि काम काढून घ्यायचं. फ्लोरिडातल्या शेकडो चर्चनी यावर आपल्या परीने तोड काढली. एका धार्मिक संघटनेने पुस्तकं, चित्रफिती आणि टाचणं यांचा संच तयार केला, आणि शाळेत जे अडलं ते चर्चमध्ये शिकवायला सुरुवात झाली. वुडसन यांच्या संचांचीच ही नवी आवृत्ती म्हणायची.

म्हणून माझं मत असं, की महिना राहिला पाहिजे, पण त्याची परीक्षा मार्चमध्ये घ्यायची. त्या शाळेच्या सप्टेंबरच्या तासिकांमध्ये काय आहे, वार्षिक परीक्षेत काय विचारलं जातं, ग्रंथालयाने पुस्तकं घेतली का, हे पाहायचं. फिलाडेल्फियात १७ नोव्हेंबर १९६७ रोजी साडेतीन हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्ग सोडून शिक्षण मंडळाच्या कचेरीसमोर जमले. आमचा इतिहास आम्हाला शिकवा, ही त्यांची एक मुख्य मागणी. पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं. २००५मध्ये त्याच शहराने आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचा संपूर्ण अभ्यासक्रम हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी सक्तीचा केला. देशातल्या मोठ्या शहरांत असं करणारं ते पहिलं. मधल्या अडतीस वर्षांत तिथे दर फेब्रुवारी पाळला गेला, पण मागणी जिवंत ठेवणारे पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते बारा महिने काम करत होते. तिथला विद्यार्थी फेब्रुवारीत व्यासपीठावर उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही असतं.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन. आणि २०१५पासून काही दलित स्त्रियांच्या पुढाकाराने एप्रिलमध्ये ‘दलित हिस्टरी मंथ’ पाळला जाऊ लागला, तोही वुडसन यांच्या परंपरेतून प्रेरणा घेऊन. ११ एप्रिलला फुले जयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, त्यामुळे महिन्याची निवड कुणाला समजावून सांगावी लागली नाही. वुडसन यांच्या वेळेसारखंच इथेही लोकांनी आधीच उत्सव रुजवलेला होता.

कागद गोळा करायचं कामही इथे झालेलं आहे. १९८९मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या घरी बसून, त्यांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी त्यात आहेत. सत्याग्रहांत, परिषदांत या बायका होत्या, पोरंबाळं सांभाळून होत्या, आणि छापील इतिहासात त्यांना कुणी घेतलं नव्हतं. हे पुस्तक किती शाळांच्या कपाटात आहे?

एप्रिल हा आपल्याकडे वार्षिक परीक्षांचा हंगाम. प्रतिमेला हार घालून, दोन भाषणं करून दिवस मोकळा करण्याची पद्धत त्यामुळेही पडली असेल. पण वुडसन यांच्या मूळ कल्पनेला एप्रिल अगदी चपखल बसतो, कारण वर्षभर काय केलं ते मांडायची वेळ तीच. शाळा उघडल्यावर सातवी-आठवीच्या वर्गाने आपल्या गावातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं. पाणवठा कोणता होता, शाळेत कुठे बसवत, पहिली जयंती कधी झाली, मिरवणूक कुठून निघाली, ती कुणी अडवली का, हे विचारून लिहून घ्यायचं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षा समारंभात दहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. वही घेऊन त्यांच्याकडे जायचं तर ते याच वर्षी जायला हवं.